पहिलटकरीण: खाप्याहून नागपूरपर्यंत

खाप्यातल्या कोष्ट्यांच्या जुन्या घरांत बाळंतिणीसाठी वेगळी खोली नसे. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग, मागे एक अंधारी खोली. तिथंच धान्याच्या कणग्या, तिथंच सुताच्या लडी आणि वेळ आली की तिथंच बाळंतिणीची बाज. कळा सुरू झाल्या की माग थांबायचा. कन्हानच्या काठचं हे गाव पिढ्यान्‌पिढ्या लुगडी विणून जगलं. नगरपालिका इथं १८६७ सालीच आली. नागपूर इथून पस्तीसेक किलोमीटर. तरी माझ्या आजीच्या पिढीतली आमच्या वस्तीतली एखादी बाई बाळंतपणासाठी नागपूरला गेली, असं मी कधी ऐकलं नाही.

आजीचं पहिलं बाळंतपण त्या मागच्या खोलीत झालं. आढ्याला दोर बांधलेला, तो धरून ती उकिडवी बसलेली, पाठीला दाईचा गुडघा टेकलेला. पहिलटकरणीच्या कळा लांबतात, बारा-चौदा तास सहज जातात, कारण पिशवीचं तोंड पहिल्यांदाच उघडत असतं. दाई रात्रभर बोलत राहिली. "दात आवयू नको वं माय, तोंड उघडं ठेव. आता जोर नको लावू, म्या सांगन तवा लाव." आजी म्हणायची, कळा मी विसरली, तिचा आवाज नाही विसरली. उकिडवं बसल्यानं कटीचा खालचा भाग थोडा जास्त उघडतो, हे आज प्रसूतिशास्त्राची पुस्तकं सांगतात. त्या दाईनं पुस्तक पाहिलं नव्हतं, बायका पाहिल्या होत्या.

नाळ कापली विळ्यानं. बांधली मागावरच्या खळ दिलेल्या सुतानं. वर चुलीतली राख दाबली. मुलगा चांगला रडला, दूध प्यायला. सहाव्या दिवशी त्यानं दूध ओढणं सोडलं, जबडा घट्ट झाला, अंग ताठ होऊ लागलं आणि दोन दिवसांत तो गेला. घरातले सगळे म्हणाले, सटवाईनं तेवढंच लिहिलं होतं.

तो धनुर्वात होता. नाळेच्या जखमेतून शिरलेला धनुर्वात तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांपर्यंत केव्हाही दिसू शकतो, पण बहुतेकदा सहाव्या ते आठव्या दिवशी दिसतो. जगात कितीतरी ठिकाणी त्याला सातव्या दिवसाचा आजार म्हणत. पाचवीचं जागरण, सटवाईची पूजा, बाळंतिणीजवळ रात्रभर ठेवलेला दिवा, हे सगळं मला त्याच आठवड्याच्या भीतीतून आलेलं वाटतं. मूल केव्हा हातचं जातं, हे बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या बघून ठेवलं होतं आणि तेवढ्याच रात्री त्या जागत होत्या. का जातं, तेवढं कळलेलं नव्हतं. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं पातं, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणं, एवढ्या पाच गोष्टी पुढे दायांच्या प्रशिक्षणात शिकवल्या गेल्या. गरोदरपणात धनुर्वाताची इंजेक्शनं आली. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून माता-नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. आजीला ते ऐकायला मिळालं नाही.

दाईबद्दल लिहायचं तर तिची जात टाळून लिहिता येत नाही. नाळ कापणं, वार पुरणं, बाळंतिणीचे कपडे धुणं ही विटाळाची कामं मानली गेली आणि ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्या बायांवर बहुतेक ठिकाणी ती लादली गेली. रात्रभर आजीच्या पाठीशी बसलेल्या बाईला सकाळी जुनं लुगडं आणि पायलीभर ज्वारी मिळाली, तीही अंगणात. पाणी वरून ओतलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि त्यानंतर या भागातल्या अनेक घरांनी लादलेली कामं टाकली. आमच्या दाईच्या सुनेनंही हे काम टाकलं. तिनं बरोबर केलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या तिला बोल लावायच्या, पण हे काम आपल्या लेकींनी का शिकू नये, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला नाही.

नागपुरात तो प्रश्न एका बाईनं कधीच सोडवला होता. १८८५ साली निघालेल्या लेडी डफरिन फंडातून देशभर बायकांचे दवाखाने उभे राहिले. नागपूरचं डफरिन म्हणजे आजचं डागा. १८९६ मध्ये स्कॉटिश मिशनचं मूर मेमोरियल सुरू झालं. पण मिशनच्या किंवा सरकारच्या दवाखान्यात आपली सून पाठवायला पांढरपेशी घरं तयार नसत आणि गरिबांना तिथवरची वाटच माहीत नसे. तो प्रश्न सोडवणारी बाई म्हणजे कमलाताई होस्पेट. त्या बालविधवा होत्या. ज्या समाजात विधवेनं मंगलकार्यात समोरसुद्धा यायचं नाही, त्या समाजात त्यांनी डफरिनमध्ये नर्सिंगचं आणि सुइणीचं शिक्षण घेतलं आणि दुसऱ्यांची बाळं पहिल्यांदा हातात घेण्याचं काम पत्करलं. १९२१ साली वेणूताई नेने यांना सोबत घेऊन त्यांनी मातृसेवा संघ काढला. पुढे संघाच्या शाखा विदर्भात आणि विदर्भाबाहेरही निघाल्या, १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्यात सर्वांत मोठं वाटतं ते हे की विटाळाचं म्हणून दुसऱ्यावर टाकलेलं काम त्यांनी उघडपणे स्वतःकडे घेतलं आणि ते आदराचं करून दाखवलं. नागपूरच्या इतिहासाच्या पुस्तकांत भोसल्यांना जेवढी पानं मिळतात, त्याचा छोटासा वाटा तरी त्यांना मिळायला हवा.

दवाखाना म्हटला की जीव सुरक्षित, असंही नेहमीच नव्हतं. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस या डॉक्टरच्या लक्षात आलं की शिकाऊ डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतज्वरानं मरणाऱ्या बाया शिकाऊ सुइणींच्या वॉर्डापेक्षा कितीतरी जास्त आहेत. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येत होते. क्लोरीनच्या पाण्यानं हात धुवायला लावल्यावर मृत्यू झपाट्यानं कमी झाले. म्हणजे माझ्या आजीच्या खोलीत जे चुकलं, तेच युरोपातल्या नामांकित रुग्णालयातही चुकत होतं.

कायद्याचंही सांगून टाकते. मध्यप्रांतात प्रसूती लाभाचा कायदा १९३० साली झाला, तो कारखान्यातल्या बायकांसाठी. नागपूरच्या एम्प्रेस मिलमधली बाई त्यात बसत होती. खाप्यात घरी बसून कांड्या भरणारी बाई कायद्याच्या लेखी कामगारच नव्हती. माझ्या जन्माच्या वेळी माझी आई कळा सुरू होईपर्यंत कांड्या भरत होती.

माझं पहिलं बाळंतपण १९८७ सालचं, नागपुरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलातलं. रीतीप्रमाणे मी माहेरी खाप्याला आले होते. पाणी गेलं तेव्हा रात्र होती. शेजारच्यांच्या जीपनं सावनेरमार्गे निघालो, आई वाटभर माझी कंबर चोळत होती. दारावर आईला थांबवलं. बांगड्या, मंगळसूत्र, साडी सगळं काढून तिच्या हातात दिलं आणि दार लागलं.

आत टेबलं एकाला लागून एक होती, मधे पडदा नव्हता. मला पाठीवर झोपवलं, कळा वाढवायचं सलाईन लावलं. उठायचं नाही, कुशीवर व्हायचं नाही. कोणीतरी यायचं, तपासायचं, "दोनच बोटं" म्हणायचं आणि जायचं. ते दुसऱ्या कोणाला तरी सांगत, मला नाही. दोन बोटं म्हणजे थोडं की फार, पुढे काय होणार, किती वेळ, काहीच कळत नव्हतं. शेजारची मुलगी ओरडली तर आयाबाई तिच्यावर खेकसल्या, म्हणून मी ओठ घट्ट मिटून घेतले. तोंड उघडं ठेव हे आजीनं शंभरदा सांगितलेलं मला ठाऊक होतं. तरी भीतीनं मी दात आवळले होते. शेवटी टाके घालताना मी डॉक्टरीणबाईंचा हात धरायला गेले, तर हात लावू नको म्हणाल्या. हातमोजे निर्जंतुक होते, त्यांचं बरोबरच होतं. पण त्या खोलीत मला धरायला दुसरा हात नव्हता.

बाळ झाल्यावर मला खूप रक्त गेलं. एका इंजेक्शननं आणि पोटावर दिलेल्या दाबानं ते थांबलं. पिशवी आकसली नाही तर पहिल्या काही तासांतच बाई जाऊ शकते. आजीच्या अंधाऱ्या खोलीत मी बहुतेक गेले असते. माझी मुलगी आठव्या दिवशीही दूध पीत होती. म्हणून पूर्वीचंच बरं होतं असं कोणी म्हणू लागलं की मला राग येतो. आणि जीव वाचला ना, मग आणखी काय हवं, असं कोणी म्हटलं तरीही तेवढाच राग येतो. कमलाताईंच्या गावात तरी कोणी असं म्हणू नये.

२००५ नंतर बदल वेगानं झाला. जननी सुरक्षा योजना आली, आशा ताई आल्या, गरोदर बाईला न्यायला-आणायला १०२ ची गाडी आली. २००५-०६ च्या पाहणीत महाराष्ट्रात दवाखान्यात होणारी बाळंतपणं ६४.६ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ती ९४.७ टक्क्यांवर गेली. २०१८-२० या काळात राज्याचा मातामृत्यू दर लाखामागे ३३ होता, देशात केरळनंतर सर्वांत कमी. २०१६ साली केंद्र सरकारनं सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक ओळखीची बाई सोबत राहू देण्याची मुभा दिली. स्वतः बाळंतपणातून गेलेली, आजारी नसलेली, रुग्णालयाचे नियम पाळणारी कोणीही चालते. सोबत असेल तर कळांचा वेळ थोडा कमी होतो आणि सिझरचं प्रमाणही घटतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे.

माझ्या मुलीच्या पहिल्या वेळी मला सरकारी दवाखान्यात आत घेतलं. तिथल्या सिस्टर तरुण होत्या. "आजी, तिला चालवा, बसून राहू देऊ नका," म्हणाल्या. चार बोटं झाली तेव्हा त्यांनी ते माझ्या मुलीला सांगितलं, तिच्या डोळ्यांत बघून, आणि अजून किती जायचं आहे तेही सांगितलं. मी तिची कंबर चोळत होते आणि आजीच्या दाईचंच बोलत होते.

पण हे सगळीकडे होत नाही. जिथं एका खोलीत तीन-चार टेबलं आहेत आणि मधे पडदे नाहीत, तिथं सोबतीण आत घेतली तर बाकीच्या बायांचा आब राहत नाही, असं नर्सबाई सांगतात. त्यांचं खरं आहे. सरकारी दवाखान्याच्या रुग्ण कल्याण समितीकडे खर्चायला निधी असतो, त्यातून पडदे घेता येतात. आमच्या बचतगटातल्या बायकांनी त्यासाठी अर्ज लिहिला आहे. त्यात पडद्यांसोबत सोबतिणीसाठी एक स्टूल द्यावं आणि दाराबाहेर भिंतीवर २०१६ ची ती मुभा मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहून लावावी, एवढं मागितलं आहे. अर्जावर अंगठे आहेत, सह्याही आहेत. पहिली सही एका नर्सबाईंची आहे, आणि त्या आमच्या जुन्या दाईच्या नात आहेत.