दूध तुटल्यानंतरचे दिवस : डुकराच्या पिल्लाच्या खाद्याचा इतिहास

१९ जुलै २०१९ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढून, अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांकरिता कोलिस्टिन या प्रतिजैविकाचे उत्पादन, विक्री व वितरण यांवर बंदी घातली. इतर औषधे निकामी ठरली की अतिदक्षता विभागातील डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यांपैकी हे एक. असे औषध पशुखाद्यात पोहोचले कसे, आणि ते काढल्यावर त्याच्या जागी घालायचे काय? या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा झाली ती डुकराच्या पिल्लावर.

न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड हे १९४८-४९च्या सुमारास ब-१२ जीवनसत्त्वाचा स्वस्त स्रोत शोधत होते. ऑरिओमायसिन ज्या जिवाणूपासून मिळते, त्याच्या किण्वनातील अवशेष त्यांनी कोंबडीच्या पिल्लांना चारला. ब-१२ने जितके वाढावे त्याहून ती पिल्ले अधिक वाढली. अवशेषात राहिलेल्या औषधाचा तो परिणाम होता. डुकरांच्या पिल्लांतही तोच अनुभव आला. १९५१मध्ये अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीविना खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास परवानगी मिळाली. ही वाढ नेमकी कशाने होते, याचे पूर्ण उत्तर तेव्हा कोणाकडेच नव्हते. कारण कळण्याआधीच सवय जडली.

ही सवय पिल्लांच्या बाबतीत इतकी पक्की का झाली, हे कळण्यासाठी त्यांच्या जठरात डोकवावे लागते. रानात पिल्लू कित्येक आठवडे हळूहळू आईचे दूध सोडते. व्यापारी फार्मवर मात्र ते तीन-चार आठवड्यांतच तोडले जाते, कारण दूध पाजणारी मादी सहसा माजावर येत नाही आणि पुढचे वेत लांबते. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात दुधातील लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि ते रोगजंतूंना थोपवते. दूध तुटताच हे आम्ल आटते. स्वतःचे हायड्रोक्लोरिक आम्ल पुरेसे स्रवण्यास अजून अवकाश असतो. शिवाय नव्या कोरड्या खाद्यातील चुनखडी व प्रथिने जठरातले आम्ल बरेचसे निष्प्रभ करतात. आईच्या दुधातून मिळणारी प्रतिपिंडे थांबलेली असतात ती वेगळीच. अशा वेळी ई. कोलायचे काही प्रकार लहान आतड्याला चिकटून विष सोडतात आणि पिल्लांना पाण्यासारखी हगवण लागते. खाद्यातील प्रतिजैविक हा सारा दोष झाकून ठेवत होते.

झाकण प्रथम काढले स्वीडनने, १९८६मध्ये. आणि मागणी तेथील शेतकरी संघटनेचीच होती, हे आवर्जून सांगण्याजोगे. पिल्लांची हगवण वाढली, वाढ मंदावली. पुढे डेन्मार्कमध्ये १९९८मध्ये मोठ्या डुकरांच्या आणि १९९९ अखेर पिल्लांच्या खाद्यातून वाढवर्धक प्रतिजैविके गेली. मोठ्या डुकरांत फारसा फरक पडला नाही. पिल्लांत मात्र हगवणीच्या उपचारासाठी औषधे अधिक वापरावी लागली. युरोपीय संघाची सरसकट बंदी १ जानेवारी २००६पासून आली.

दरम्यान पर्यायांचा शोध चालूच होता. फ्युमॅरिक, सायट्रिक, फॉर्मिक अशी सेंद्रिय आम्ले म्हणजे पिल्लाला कमी पडणारे आम्ल बाहेरून देणे. उपयुक्त जिवाणू, ओव्याच्या वासाचे थायमॉलसारखे वनस्पतिजन्य घटक, खाद्य पचवणारी विकरे हेही आले. यांचा गुण येतो, पण एका फार्मवर येतो आणि दुसऱ्यावर येत नाही. हमखास ठरले ते झिंक ऑक्साइड. पिल्लाची जस्ताची गरज किलोमागे शंभरेक मिलिग्रॅम. हगवणीसाठी मात्र किलोभर खाद्यात सुमारे २,५०० मिलिग्रॅम जस्त घालत. त्यातले बहुतांश शेणातून शेतात उतरू लागले. त्याहून वाईट म्हणजे, जस्ताला दाद न देणारे जिवाणू पुष्कळदा प्रतिजैविकांनाही दाद देत नाहीत, कारण दोन्हींची प्रतिकारजनुके एकत्र वावरतात. जून २०२२पासून युरोपीय संघाने हा औषधी वापरही बंद केला. प्रतिजैविकाचा सर्वांत यशस्वी पर्याय त्याच आरोपाखाली बाद झाला!

कोलिस्टिनची कथा याच साखळीतली. नोव्हेंबर २०१५मध्ये चीनमधील संशोधकांनी डुकरांमधील ई. कोलायमध्ये एमसीआर-१ हे जनुक सापडल्याचे जाहीर केले. ते प्लाझ्मिडवर असल्याने कोलिस्टिनचा प्रतिकार एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकत होता. चीनने २०१७मध्ये वाढीसाठी त्याचा वापर थांबवला. भारताची बंदी त्यानंतरची.

२०१९च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ९० लाख डुकरे आहेत, त्यांत सर्वाधिक आसामात. ईशान्येकडे बहुतेक डुकरे घराशेजारी वाढतात. कोंडा, अळूचा पाला, तांदळाच्या मद्याचा चोथा आणि स्वयंपाकघरातले उरलेसुरले यांवर. तिथे पिल्लू पुष्कळदा आठ आठवडे आईजवळ राहते. गुवाहाटीजवळ राणी येथे २००२पासून राष्ट्रीय वराह संशोधन केंद्र आहे, आणि व्यापारी वराहपालनाला सरकारी प्रोत्साहनही मिळते आहे. फार्म वाढले की वर्षाकाठी अधिक वेतांचा हिशेब येणार, आणि त्याबरोबर लवकर दूध तोडणेही. डेन्मार्कमध्ये आता खाद्यातील प्रथिने कमी करण्याचे आणि पिल्लू काही दिवस उशिरा तोडण्याचे प्रयोग चालू आहेत.