रत्नागिरी : पर्यटन

कोकण किनाऱ्यावरील जिल्ह्याचे शहर. बहुतेक पर्यटक गणपतीपुळ्याला जाताना येथे जेवणापुरते थांबतात. प्रत्यक्षात दोन दिवस राहून पाहावे असे हे शहर आहे. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी १८८६ मध्ये येथे आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये राजा येथेच वारला. लाल भिंती, उतरती छपरे, खिडक्यांवरील सागवानी अर्धवर्तुळाकार नक्षी : ही वास्तू वैभवाची म्हणून दाखवली जाते, पण ती मुळात नजरकैदेची आहे. टिळकांचे जन्मस्थान आणि भागोजीशेठ कीर यांच्या खर्चाने उभे राहून सर्व जातींना खुले झालेले पतितपावन मंदिर (१९३१) पाहिल्यावर या लहान गावाचा राजकीय आवाका कळतो.

समुद्रस्नानाला इथले किनारे गोव्याइतके सोयीचे नाहीत, हा आक्षेप खरा आहे. मात्र मांडवीची काळी वाळू आणि तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला रत्नदुर्ग पोहण्यासाठी नव्हे, पाहण्यासाठीच आहेत. पहाटे मिरकरवाडा बंदरात सुरमई, बांगडा, कोळंबीच्या टोपल्या उतरतात तेव्हा चाललेला लिलाव कुठल्याही संग्रहालयापेक्षा बोलका असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असल्याने तो दिसत नाही. हापूससाठी एप्रिल-मे उत्तम, उकाडा सोसायची तयारी हवी.