मेंदूपेढी : खोल मेंदू उद्दीपनाच्या संशोधनासाठी
खोल मेंदू उद्दीपन म्हणजेच डीबीएस घेतलेल्या रुग्णांनी मरणोत्तर दान केलेले मेंदू जतन करून संशोधकांना पुरवणारी व्यवस्था. कंपवातावरील या उपचाराला आजचे रूप १९८७ पासून ग्रनोबल येथे आलिम-लुई बेनाबिद यांच्या कामातून मिळाले. मेंदूत बसवलेल्या बारीक तारेतून विद्युत्‌स्पंद दिले की कंप ओसरतो. तो नेमका का ओसरतो, हे अद्याप पूर्ण उलगडलेले नाही. स्कॅनमध्ये तारेची जागा दिसते, तिच्याभोवतीच्या पेशींचे काय झाले ते दिसत नाही. म्हणूनच हे दान अमोल आहे. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाने अशा मेंदूंसाठी खास जाळे उभारले. मृत्यूनंतर काही तासांतच मेंदू काढावा लागतो. सामान्यतः अर्धा फॉर्मॅलिनमध्ये, अर्धा उणे ८० अंश सेल्सियसला ठेवतात. तपासणीत तारेलगत सहसा आधारपेशींचा पातळ व्रण आढळतो, तर २०१४ च्या एका अभ्यासात नव्या पूर्वज पेशींची वाढही दिसली. केवळ मेंदू पुरत नाही. उद्दीपनाचा व्होल्टेज, कालावधी आणि रुग्णाला आलेला गुण यांच्या नोंदी सोबत हव्यातच. भारतात बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून सर्वसाधारण मेंदूपेढी आहे. दात्याने हयातीतच कुटुंबीयांशी बोलून ठेवणे अत्यावश्यक असते, कारण ऐनवेळी संमती त्यांनाच द्यावी लागते.