दगडूची वस्ती आणि आमचा मोहल्ला

रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ ३ जानेवारी २०१४ रोजी आला. काळ नव्वदच्या दशकातला. दहावी नापास दगडू परब घरोघर पेपर टाकतो, त्याचे वडील रिक्षा चालवतात. प्राजक्ता त्याच परिसरातल्या कडक शिस्तीच्या लेल्यांची मुलगी. मोबाइल नाही, त्यामुळे सारा भार चिठ्ठी, मित्र आणि येण्याजाण्याच्या रस्त्यावर.

असे सिनेमे पाहून आपण हळवे होतो. मला मात्र त्यांत दोन घरांमधल्या भिंतीचा इतिहास दिसतो. ‘टाइमपास’मध्ये ती भिंत ऐपतीची आणि जातीची आहे. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरचा सुजय डहाके यांचा ‘शाळा’ २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात नववीतल्या जोशी-शिरोडकरच्या ओढीभोवती आणीबाणीचं सावट आहे. ‘सैराट’मध्ये (२०१६) तर भिंतीच्या जागी तलवारच आहे.

या सगळ्यांत आमचा मोहल्ला कुठे आहे? ‘सैराट’मध्ये सलीम आहे. जिवाला जीव देणारा दोस्त आहे, पण त्याची स्वतःची प्रेमकथा नाही.

हिंदी सिनेमात आम्ही होतो, पण लखनौचे. ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) आणि ‘मेरे मेहबूब’ (१९६३) या दोन्हींत पडदा हाच कथेचा पेच. नवाबी हवेल्या, शेरोशायरी, चिकनचे कुडते. परभणीतल्या कौलारू घरांत, दखनी बोलणाऱ्या, शेतमजुरी नाहीतर गॅरेजवर काम करणाऱ्या माणसांना त्यात स्वतःचं घर कसं सापडणार?

आमच्याकडची भिंत वेगळीच. शेजारची मुलगी वयाने थोडी मोठी असली की ‘आपा’ किंवा ‘बाजी’, तिची आई ‘खाला’. नातं जन्मतःच ठरलेलं. ईदला शीरखुर्म्याचा वाडगा ख्वानपोश झाकून या घरातून त्या घरात जायचा. तो पोहोचवणाऱ्या मुलाला दारात क्षणभर उभं राहायची मुभा असायची. मोहल्ल्यातली कितीतरी पहिली प्रेमं त्या क्षणभरातच सुरू झाली आणि तिथेच संपली.

दुसरी भिंत लिपीची, आणि ती इतिहासाने बांधली. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत परभणी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती. सरकारी कारभार उर्दूत चाले. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर उच्च शिक्षणही उर्दूतून दिलं. त्या काळी शिकलेला मराठवाड्यातला माणूस, हिंदू असो की मुसलमान, उर्दू वाचू शकायचा. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि कारभार मराठीत आला. ते योग्यच होतं, लोकांची भाषा मराठीच होती. पण त्यानंतर उर्दू मोहल्ल्यापुरती उरली.

त्याचा परिणाम मी वर्गात रोज पाहतो. बहीण घराजवळच्या उर्दू शाळेत जाते, भाऊ मराठी शाळेत. नोकरी मराठीने मिळेल, म्हणून त्याला तिकडे घालतात. एका छपराखाली दोन लिप्या! मग शेजारच्या घराची काय कथा? तिने उर्दूत चिठ्ठी लिहिली, तर त्याला ती कुणाकडून तरी वाचून घ्यावी लागेल. दुसऱ्याच्या तोंडून वाचलेली प्रेमाची चिठ्ठी मोहल्ल्यात किती वेळ लपून राहील?

हा विनोदही आहे आणि दुःखही. दगडूच्या गोष्टीइतकाच यात सिनेमा आहे. हमीद दलवाईंनी १९६५ मध्येच ‘इंधन’मधून कोकणातलं मुस्लिम जग मराठीत आणलं. १९९० मध्ये सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. म्हणजे साहित्याचं दार कधीच उघडलंय.

आता आमच्या मुलांनी लिहावं. आमच्याबद्दल पडद्यावर दंगल, तलाक आणि दहशत पुष्कळ आली. सोळा वर्षांचा एक साधा पोरगा वाडगा हातात घेऊन शेजारच्या दारात उभा आहे, हेही महाराष्ट्राने पाहायला हवं. त्याच्या छातीतली धडधड ओळखायला कुणाला भाषांतराची गरज पडणार नाही.