मनाचा ताप मोजणारी पट्टी
कर्करोग झाला की डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगत. रुग्णाला मात्र ‘साधी गाठ आहे’. १९६१मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल निदान न सांगण्याकडेच होता. १९७९मध्ये तशाच पाहणीत ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले.

आजाराचे नाव उच्चारले गेले, पण मनाचे काय?

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७मध्ये डॉ. जिमी हॉलंड यांनी कर्करोगाच्या रुग्णांसाठी मानसोपचार विभाग उभा केला. त्यांचे पती केमोथेरपीचे नामांकित तज्ज्ञ. त्या उपचारांत रक्तपेशी, गाठीचा आकार, सगळ्याची नोंद होते, मग रुग्णाला काय वाटते याची का नाही, हा जिमींचा प्रश्न होता. ‘नैराश्य’ म्हटले की रुग्ण बिचकत. म्हणून पुढे ‘डिस्ट्रेस’ (मनाचा त्रास) हा सौम्य शब्द निवडला गेला आणि शून्य ते दहा अंशांची तापमापीसारखी पट्टी आली. आज चार किंवा जास्त अंश दिसले, की पुढची विचारपूस होते.

या विचारपुशीची गरज आकड्यांनीही दाखवली. स्वीडनमधील २०१२च्या मोठ्या अभ्यासात निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचा धोका कर्करोग नसलेल्यांच्या तुलनेत सुमारे बारा पट आढळला. वर्षभरात तो बराच उतरला. आत्महत्या विरळच होत्या, पण पहिले दिवस सर्वांत नाजूक ठरले.

उपचार संपल्यावरही भीती रेंगाळते. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. अशा वेळी ही पट्टी पुन्हा रुग्णाच्या हाती दिली जाते.