पानावर नसलेला नियम

हर्सूलला रविवारी भाच्यासोबत पोकेमॉनचे पत्ते खेळताना अर्धा वेळ वाचण्यात जातो. ‘करता येईल’ आणि ‘करावंच लागेल’ यावरून आमची भांडणं होतात. नियम पत्त्यावरच छापायची ही रीत १९९३च्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’ने रूढ केली.

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेवर मात्र नियमाचं एक अक्षरही नसतं. १२० गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा: राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. राजा-प्रधानानंतर पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का. दिवसा खेळलात तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची उतारी, रात्री कृष्णाचा. म्हणजे नियमातली एक अट थेट आभाळात!

१९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली. पानं वाचली. पण आज बहुतेक लोक ती शोभेसाठी घेतात. चित्राची नक्कल करता येते. एक्का कुठे मोठा, हे चित्र सांगत नाही. ते खेळणाऱ्यांनी एकमेकांना सांगावं लागतं.

कोडमध्ये कॉमेंट लिहायचा मला कंटाळा आहे. ‘टीमला माहीत आहे की,’ असं मी म्हणतो. गंजिफेचे खेळाडूही बहुधा हेच म्हणत असतील.