कंपनीतली जुनी कम्प्युटर यंत्रणा एकट्याने कशी सुधारायची?

तिवसा तालुक्यातली एखादी जिनिंग, दालमिल किंवा कृषी केंद्र घ्या. अशा ठिकाणी वेगळा आयटी विभाग नसतो. ‘तुले कम्प्युटरातलं समजते नं, मंग तूच पाह्य’ असं म्हणून मालक सगळं नव्या पोराच्या अंगावर टाकतात. दहा वर्षांची मशीन, क्रॅक केलेलं विंडोज, एकाच डेस्कटॉपवर टॅली आणि बॅकअपच्या नावाने ड्रॉवरमधला एक पेनड्राइव्ह. मग सुरुवात कुठून करायची?

आधी वही, मग बदल

पहिल्या आठवड्यात काहीच बदलू नका, फक्त लिहून काढा. कोणती मशीन कोण वापरतं, टॅलीचा डेटा नेमका कोणत्या फोल्डरमध्ये आहे, राउटरचा पासवर्ड काय आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जीएसटी पोर्टल, ईमेल आणि इंटरनेट कनेक्शनचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो. नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींचा नंबर तिथे असेल, तर तो बदलणं हे नव्या कम्प्युटरपेक्षा तातडीचं काम आहे.

बॅकअप: घानाची गोष्ट

27 जून 2017 ला ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं काम थांबवलं. आपल्या न्हावा-शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनललाही त्याचा फटका बसला. कंपनीची सगळी लॉगिन सांभाळणारे सर्व्हर जगभर पुसले गेले होते. घानाच्या ऑफिसातला एकच वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! वऱ्हाडात लोडशेडिंगचे असे उपकार कोणी मानले नसतील.

यातून कळतं ते हे की कम्प्युटरला कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क हा बॅकअप नव्हे. व्हायरस दोन्ही पुसतो. डेटाच्या तीन प्रती ठेवा, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असू द्या आणि एक प्रत ऑफिसच्या बाहेर. दोन एक्स्टर्नल डिस्क आलटूनपालटून वापरा. एक जोडलेली असताना दुसरी मालकाच्या घरी. महिन्यातून एकदा तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा. न उघडलेल्या बॅकअपवर विसंबू नका.

फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर इथे कायदाही येतो. 1 एप्रिल 2023 पासून अशा कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कोणी कधी काय बदललं याची नोंद राहणं बंधनकारक आहे. इलेक्ट्रॉनिक हिशेबाचा रोजचा बॅकअपही भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. नेमकं काय करायचं ते सीएंना विचारा.

वीज आणि विंडोज

एंट्री चालू असताना लाइट गेली तर डेटा फाइल खराब होऊ शकते. त्यामुळे पहिला खर्च यूपीएसवर करा. राउटरही त्यावर घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला, विंडोज 10 चा 14 ऑक्टोबर 2025 ला. 2018 च्या आधीच्या बहुतेक मशीन विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. सगळ्या एकदम बदलायला मालक पैसे देणार नाहीत, आणि गरजही नाही. टॅली आणि बँकिंगची मशीन आधी नवी घ्या, तीही अस्सल लायसन्ससह. वजनकाट्याचं जुनं सॉफ्टवेअर जुन्याच विंडोजवर चालत असेल तर त्या मशीनचं इंटरनेट काढून टाका. बाकीच्यांना तूर्तास एसएसडी बसवली तरी वेगात फरक जाणवतो.

सगळ्यांचा एकच पासवर्ड, ‘एव्हरीवन’ला पूर्ण परवानगी असलेलं शेअर्ड फोल्डर आणि कायम चालू राहिलेलं एनीडेस्क, हे तिन्ही बंद करायला पैसा लागत नाही. लोकांची कुरकुर तेवढी ऐकावी लागते. मोठे बदल शनिवारी संध्याकाळी करा, म्हणजे बिघडलं तर रविवार हाताशी असतो. कापसाच्या हंगामात मात्र रविवारही मोकळा नसतो, म्हणून ही कामं उन्हाळ्यातच उरकून घ्या.